घर हलते, शेजार मागे राहतो

साथीचा रोग आणि घर सोडणे यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८९६ साली मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढे महाराष्ट्रभर पसरला आणि वऱ्हाडातही पोहोचला. घरात उंदीर मरून पडलेला दिसला की माणसे दाराला कुलूप घालीत आणि गावाबाहेर, शेतात झोपड्या उभारून राहत. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला गाठतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. पण धोका घरातच आहे, तेव्हा घर सोडावे, एवढे लोकांनी अनुभवाने आधीच ओळखले होते.

कोरोनाचा नियम याच्या नेमका उलट होता. येथे धोका माणसाच्या श्वासात होता आणि घर हाच आसरा होता. २२ मार्च २०२० च्या जनता संचारबंदीपासून प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा आमच्या बडनेऱ्याला ही उलटापालट कानांनी कळली. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे जंक्शन; अमरावतीचा फाटा येथूनच निघतो. गाड्यांच्या आवाजावर दिवसाची वेळ ओळखणाऱ्या गावात त्या काळी केवळ मालगाड्यांची खडखड उरली होती.

या दोन साथींत आणखी एक भेद आहे, आणि तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्लेगात गाव बाहेर पडे तेव्हा झोपडीला लागून झोपडी उभी राही; घर सुटले तरी शेजार सुटत नसे. कोरोनाने घर राखले आणि शेजार तोडला. ज्यांना त्याच काळात घर बदलावे लागले, त्यांची तर दोन्हीकडून ताटातूट झाली. आमचे कुटुंब त्यांपैकी एक.

जुन्या वस्तीतील आमच्या घराचा व्यवहार पूर्ण झाला होता आणि फेब्रुवारी २०२१ अखेर ताबा द्यावयाचा होता. नवे घर रुळांच्या पलीकडे, नव्या वस्तीत. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यात रुग्ण झपाट्याने वाढू लागले. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेची चाहूल प्रथम लागली ती आमच्याकडे. २१ फेब्रुवारीच्या रविवारी जाहीर झाले, की अमरावती व अचलपूर येथे सोमवारी रात्रीपासून आठवडाभर टाळेबंदी. आमच्या हाती उरला तो केवळ सोमवारचा दिवस.

पन्नास वर्षांचा संसार एका दिवसात बाहेर काढताना परिग्रह या शब्दाचे वजन कळते. एका डब्यात सुतळीची गुंडाळी, दुसऱ्यात कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. सासूबाई मात्र सामानाकडे पाहत नव्हत्या. त्यांचे लक्ष शेजारच्या ओट्यावर होते. तेथे माई उभ्या होत्या, तोंडावर पदर घट्ट धरून. ओट्याला ओटा लावून दोघींनी हयात काढली होती. पण त्या दिवशी मधले चार हात कोणी ओलांडले नाही. हळदी-कुंकू झाले नाही, गळाभेट झाली नाही. माई एवढेच म्हणाल्या, "हे सरू द्या, मंग येतो घर पाहाले."

नव्या घरी पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. सासूबाईंचा रात्रिभोजनाचा त्याग. गॅस जोडलेला नाही, भांडी पोत्यांत. त्यांनी उपवासाची तयारीही केली होती. इतक्यात फाटकाशेजारच्या भिंतीवर कोणीतरी डबा ठेवून गेले. आत पोळ्या व मुगाची डाळ, आणि झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी : "कांदा-लसूण घातलेला नाही. पाणी उकळलेले आहे. समोर राहतो." सामान उतरवणाऱ्या हमालांकडून त्या घराने आमची चौकशी करून घेतली होती. त्या दिवसांत परक्या घरचा डबा उघडतानाही हात थबकत असत. सासूबाईंनी हात धुतले, णमोकार म्हटला आणि त्या जेवावयास बसल्या.

एप्रिलमध्ये माई गेल्या. रुग्णालयात नेल्यानंतर चौथ्या दिवशी. आमच्यापासून ते घर दोन किलोमीटरही नाही. पण अंत्यदर्शन नाही, भेटीस जाणे नाही, सुनेच्या पाठीवर हात ठेवणे नाही. सासूबाई त्या दिवशी रुळांच्या दिशेच्या खिडकीपाशी बसून राहिल्या. "मी तिथे असते तर भिंतीपलीकडून तरी रडले असते," असे त्या म्हणाल्या. घर बदलल्याचे खरे मोल त्या वाक्यात होते. नव्या घरात हवा होती, उजेड होता. ती एक भिंत नव्हती.

समोरच्यांचा डबा आमच्या फळीवर चार महिने राहिला. रिकामा परत देणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि भरून देण्याचे ते दिवस नव्हते. अखेर सासूबाईंनी स्वतः शेवेचे लाडू केले व डबा घेऊन त्या समोर गेल्या. त्या घरच्या बाईंना त्यांनी मुखपट्टीविना कधी पाहिले नव्हते, आवाजावरून ओळखले. तेथून उठल्यावर त्यांनी रिक्षा बोलावली आणि त्याच दिवशी माईंच्या सुनेला भेटून आल्या. उशिराच्या त्या भेटीत दोघी फारसे बोलल्या नाहीत, असे कळले. चहा मात्र दोनदा झाला. आता महिन्यातून एकदा हे जाणे ठरलेले आहे.

आपल्यापैकी अनेकांची घरे पुढेही बदलतील. सामान पोहोचवण्याची व्यवस्था आता एका फोनवर होते. शेजार पोहोचवण्याची कोणी करीत नाही. आपल्या गल्लीत नवे कुटुंब उतरताना दिसले तर पहिल्याच सायंकाळी पाण्याचा तांब्या घेऊन जावे, त्यांच्या खाण्याच्या चालीरीती विचारून घ्याव्यात. आणि आपण घर सोडून आलो असू, तर नव्या घराची मांडामांड थोडी राहू द्यावी. मागे राहिलेल्या ओट्यावर एकदा लवकर जाऊन यावे.