अल्पमोली कॅमेरा

आमच्या शाहूपुरीतील घरी आजोबांच्या हातची पोथी आहे. तिची पाने आता बोट लागताच तुटतात. त्यांची छायाचित्रे घेण्यास स्वस्त डिजिटल कॅमेरा पाहू लागलो. दुकानदार मेगापिक्सेलांचे आकडे सांगे. आम्ही गणित मांडले: ए-४ कागदास दर इंची ३०० बिंदू धरले तरी सुमारे ८७ लाखच होतात, पोथीचे पान त्याहून लहान. तेव्हा ९ मेगापिक्सेल पुरेत. भिंग चांगले व तिपाईची सोय असलेला वापरलेला कॅमेराही चालेल. याच करवीरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. आम्हांस तर तो आयता मिळतो. वाचकहो, आपापल्या पोथ्या पाहाव्या. आपल्या चौकशा संपेपर्यंत कसर थांबत नाही.