गाठी विरल्यानंतरची दोन वर्षे
लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. त्यातला फॉलिक्युलर हा प्रकार संथ. केमोने गाठी विरतात, पण काही वर्षांनी बहुधा पुन्हा डोके वर काढतात. म्हणून केमोनंतर रिटुक्सिमॅबचे सलाईन दर दोन महिन्यांनी, दोन वर्षे देतात. म्हणजे बारा फेऱ्या. शहापूरकर आसनगावहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो. मुरबाडला रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण गाठायचे. रुग्णाची आणि सोबत्याचीही मजुरी बुडते.

एवढे करून मिळते काय? ‘प्रिमा’ चाचणीत हे औषध घेतलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर आजार न बळावता जगत होते. न घेतलेल्यांत ३५ टक्के. मात्र एकूण जगलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ८० टक्के. शिवाय या औषधाने जंतुसंसर्ग वाढतो. म्हणून भातलावणीत एखादी फेरी चुकलेल्या रुग्णावर खेकसणे गैर आहे. हा हिशेब आधीच मांडून निर्णय त्याच्यासोबत घ्यायला हवा. औषध नको म्हटले तरी तपासणी सोडून चालत नाही. नवी गाठ, रात्रीचा घाम, घटते वजन ही लक्षणे क्षयाचीही असतात. अंदाजाने गोळ्या सुरू करण्याआधी गाठीचा तुकडा तपासावा.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे जाहीर झाली. हे सलाईन ठाण्यात मिळाले तर परळची धाव वाचेल. मुरबाड ते कल्याण एसटी तरीही उरतेच.