पादचाऱ्याला आधी विचारा

परळहून प्रभादेवीला पायी जायचे, तर मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेंचे रूळ आडवे येतात. ते ओलांडणारा जुना एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तेथे दुमजली पूल उभा राहणार आहे. वाहनांना टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळी असे पर्याय देण्यात आले. मोटारीला हा वळसा पडतो, एवढेच. केईएम किंवा टाटा रुग्णालयातून पश्चिमेकडे निघालेल्या रुग्णाला मात्र इतके चालणे झेपत नाही. त्याला रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पूल बंद करण्याबाबत वाहतूक पोलिसांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. रहिवाशांनी विरोधही केला. पण तोवर जोडरस्त्याची आखणी ठरून गेली होती. विचारायचे उरले होते ते फक्त पूल कधी आणि कसा बंद करायचा, एवढेच. रस्ता लोकांना विचारून आखला जावा, ही मागणी समजून घ्यायची तर हा क्रम आधी ध्यानात घ्यायला हवा.

मुंबई महानगर प्रदेशाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला. त्यात रोजच्या प्रवासांपैकी निम्मे प्रवास निव्वळ पायी होतात, असे दिसले. लोकलने जाणाराही दोन्ही टोकांना चालतोच. तरी रस्त्याचे नियोजन बहुधा ‘पॅसेंजर कार युनिट’ या मापाने होते. म्हणजे प्रत्येक वाहन रस्त्यावर जितकी जागा घेते, तिचे मोटारीच्या हिशेबात रूपांतर केले जाते. बसला, रिक्षाला, सायकललाही या मापात काही किंमत आहे. पदपथावरून चालणाऱ्या माणसाला नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी किती रुंदी ठेवायची, हा प्रश्नच उभा राहत नाही.

दुसरी अडचण जाळ्याची आहे. पदपथ किंवा सायकल मार्ग हा सुटा तुकडा म्हणून उपयोगाचा नसतो. तो घरापासून मुक्कामापर्यंत सलग असावा लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल मार्ग आखण्यात आला. संकुलापर्यंत सायकलने सुरक्षित पोहोचण्याची सोय नव्हती. सायकली फारशा आल्या नाहीत आणि मार्गावर मोटारी उभ्या राहू लागल्या.

परळच्या गिरणगावात हे सलगपण एकेकाळी आपोआप होते. कामगार चाळीत राहत होता आणि भोंगा वाजला की चालत गिरणीत जात होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या झाल्यावर तेथे कार्यालये आली. आता कल्याण-विरारकडून येणारी माणसे रोज सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकांत उतरू लागली. गर्दीची दिशा बदलली, आकार बदलला. दोन स्थानकांना जोडणारा अरुंद पादचारी पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. तो पूल अपुरा आहे हे रोजचे प्रवासी सांगत होते, लोकप्रतिनिधींनी पत्रे लिहिली होती, नव्या रुंद पुलाला मंजुरीही मिळालेली होती. काम सुरू झाले नव्हते. दुर्घटनेनंतर लष्कराने तेथे पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुलाही झाला. माहिती होती, तंत्र होते, पैसाही निघाला. नव्हती ती सांगणाऱ्याला उत्तर देण्याची बांधिलकी.

कायद्यात जनतेचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नाही असे नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. या तरतुदीत ताकद आहे. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांवरून इतका वादग्रस्त ठरला की तो मागे घ्यावा लागला आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. पण तो आराखडा भूखंडांची आणि आरक्षणांची भाषा बोलतो. रस्ता किती रुंद, हे त्यात कळते. त्या रस्त्यावर माणूस कुठून चालेल, कुठे ओलांडेल, व्हीलचेअर कुठे अडेल, हे कळत नाही. ते ठरते पुढे, कामाच्या निविदेत. तेथे कोणाला विचारण्याची सक्ती नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे नेहमीचा दरवाजाही बंद होता.

त्यात हद्दींची भर आहे. एल्फिन्स्टन पुलाची पूर्व बाजू पालिकेच्या एफ दक्षिण विभागात येते आणि पश्चिम बाजू जी दक्षिण विभागात. मधले रूळ दोन रेल्वेंचे आणि जोडरस्ता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए). पायी जाणाऱ्याची वाट एकच असते, पण ती सगळी एकाच टेबलावर कधी येत नाही.

ती सगळी पाहतो तो तेथे राहणारा माणूस. गिरगावात एका वाडीतून दुसरीकडे कुठून निघता येते, दादरचा फूलबाजार पहाटे किती रस्ता व्यापतो, हे मोटारी मोजून कळणार नाही. लालबागच्या मंडळांचे कार्यकर्ते गणेशोत्सवात प्रचंड गर्दी हाताळतात. कोणत्या तोंडाशी माणसे तुंबतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. पण हे ज्ञान उत्सवाच्या बंदोबस्तापुरतेच वापरले जाते.

ते गोळा करण्याच्या रीती अवघड नाहीत. ‘वॉक ऑडिट’ म्हणजे रहिवासी आणि अभियंत्यांनी मिळून चालत केलेली पाहणी. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरपर्यंत असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेव्हा ही पाहणी टेप हातात घेऊन करता येते. पुढची पायरी तात्पुरत्या प्रयोगाची: रंग आणि शंकू वापरून काही आठवडे बदल करून पाहायचा, मग काँक्रीट ओतायचे. पालिकेने २०१९ च्या अखेरीस पाच रस्त्यांसाठी ‘मुंबई स्ट्रीट लॅब’ ही रचना स्पर्धा घेतली. त्यात गिरगावचा राजा राममोहन रॉय मार्गही होता. सुरुवात चांगली होती, मात्र स्पर्धेला अनेक रस्त्यांसाठीची कायम पद्धत म्हणता येत नाही. पुण्याने २०१७ मध्ये ८०० किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याचाही मोठा भाग अजून रस्त्यावर उतरलेला नाही.

लोकांना विचारण्यात एक धोकाही आहे. संध्याकाळच्या सभेला सवड असलेले, बहुधा गाडी असलेले लोक येतात. फेरीवाला, घरकामाला जाणारी बाई, पांढरी काठी घेऊन चालणारा तरुण तेथे नसतो. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या. पादचाऱ्यांसाठी असे काहीच नाही. म्हणून विचारणा सकाळी आठला स्टेशनच्या जिन्यापाशी व्हायला हवी. दुकानदाराला दारात पार्किंग हवे असेल आणि शाळेला तेथेच रुंद पदपथ. अशा वेळी हात वर करून निर्णय होऊ नये. कोणती सूचना का घेतली आणि कोणती का घेतली नाही, हे लेखी प्रसिद्ध व्हावे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमाखाली, म्हणजे जगण्याच्या हक्कात मोडतो, असे सांगितले. त्या हक्काला कार्यपद्धतीची जोड हवी. आमचे मत असे की निविदेआधी चालत पाहणी, शेजारच्या विभागांचा आणि रेल्वेचा एकत्र नकाशा आणि प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर, या तीन गोष्टी पालिकेने आणि एमएमआरडीएने स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात. त्याचा आरंभ प्रभादेवीच्या या नव्या पुलापासून करावा. पुलाचा जिना कोणत्या फुटपाथवर उतरेल, व्हीलचेअरसाठी उतार किंवा लिफ्ट कुठे असेल, काम चालू असताना रुग्ण कुठून जातील, हे केईएमच्या फाटकापाशी उभे राहून आजच विचारता येईल.