लकवा वाट पाहत नाही



कोरोना म्हटलं की आपल्याला खोकला, ऑक्सिजन आणि बेडसाठीची धावपळ आठवते. पण हा आजार फुप्फुसापुरता नव्हता. त्याच दिवसांत काही रुग्णांना लकवाही मारला. उर्दूत फालिज म्हणा, दवाखान्याच्या कागदावर स्ट्रोक म्हणा, गोष्ट एकच. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते.

कोरोनात बहुतेक वेळा ती बंद पडत होती. संसर्गामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्तात गुठळ्या होऊ लागतात. डॉक्टर डी-डायमर तपासायला सांगत, रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं देत, ती याचसाठी. दवाखान्यात दाखल झालेल्या शंभर रुग्णांत साधारण एक-दोघांना लकवा झाल्याचं अभ्यासांत दिसलं. स्वीडनमध्ये 86,742 कोरोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2021 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासानुसार, संसर्गानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गुठळीमुळे होणाऱ्या लकव्याचा धोका जवळपास तिप्पट होता. बीपी, शुगर असलेल्या वयस्क माणसांना भीती जास्त, पण तरुणही सुटले नाहीत.

एप्रिल 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधील डॉक्टरांनी अशा पाच रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. पाचही जण पन्नाशीच्या आतले. त्यांतली 33 वर्षांची एक बाई आधी धडधाकट होती. तिची जीभ जड झाली, डावा हात-पाय लुळा पडत गेला, तरी ती 28 तास दवाखान्यात गेली नाही. कारण एकच, कोरोनाची धास्ती.

ही धास्ती आपल्या घरांतही होती. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेने कोरोनाने दगावलेल्या सर्वांच्या दहनाचं परिपत्रक काढलं. त्याच दिवशी ते बदललं आणि दफनाची मुभा राहिली. पण ‘दवाखान्यात नेलं तर मय्यतही हाती येणार नाही’ ही भीती मनात घर करून बसली. कोरोना ओसरला, तरी ‘सकाळपर्यंत बघू’ ही सवय अजून आहे. लकव्यात तीच सवय घात करते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही सीटी स्कॅननंतर. कारण रक्तवाहिनी फुटली असेल तर तेच औषध जिवावर बेतू शकतं. आता आपल्या श्रीपूरचा हिशेब करा. अकलूज आणि पंढरपूर त्यातल्या त्यात जवळ, सोलापूर आणि पुणे लांब. गाडी मिळेपर्यंत, नातेवाईक जमेपर्यंत, सल्लामसलत होईपर्यंत दोन तास सहज जातात.

म्हणून मी वर्गात मुलांना चार शब्द पाठ करायला लावते: चेहरा, हात, जबान, वक्त. हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? ‘आज शाळेला सुट्टी आहे’ म्हणायला सांगा, बोबडं येतं का? यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर तेच आधी विचारतात.

काही गोष्टी टाळा. लकव्यात गिळण्याची ताकद जाऊ शकते, त्यामुळे चहा, मध, गोळी, अगदी दम केलेलं पाणीही तोंडात घालू नका. ते फुप्फुसात उतरू शकतं. ‘वारं लागलं’ म्हणून कबुतराचं रक्त चोळण्यात वेळ घालवू नका. दुआला कोणाची मनाई नाही. ती गाडीत बसूनही करता येते.

आज एवढं करा. सीटी स्कॅनची आणि लकव्याच्या इंजेक्शनची सोय जवळ कुठे आहे, हे गावातल्या डॉक्टरांना विचारा. ते नाव आणि 108 हा नंबर घरात दाराजवळ लिहून ठेवा. आणि अम्मी-अब्बांची बीपीची गोळी आज घेतली की राहिली, तेही विचारून घ्या.