कागदी मालकाचे विमान

दारी हत्ती झुलवण्याची हौस आता विमानावर आली आहे. इंग्लंडातला हौशी वैमानिक अमेरिकेतले जुने सेसना-172 स्वस्तात मिळते म्हणून ते घेऊ पाहतो आणि अंगावरचे अमेरिकी नोंदणीचे ‘एन’ हे अक्षर तसेच ठेवतो. पण 1944 च्या शिकागो कराराने विमानालाही राष्ट्रीयत्व दिले आहे आणि तेही एका वेळी एकाच देशाचे! अमेरिकेत स्वतःच्या नावाने नोंदणी करायची, तर माणूस तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. मग मालकी तिथल्या विश्वस्ताच्या नावे आणि खर्च मात्र आपल्या खिशातून. शिवाय आयातीवर 20 टक्के व्हॅट, विश्वस्ताची फी आणि दर बारा महिन्यांनी अमेरिकी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासणी. अशी इंजिने साधारण 2000 तासांनी पूर्ण उघडून नव्याने बांधावी लागतात. तेव्हा उड्डाणाच्या प्रत्येक तासामागे त्यासाठी पैसे बाजूला ठेवणे आलेच.

मी हौसेच्या विरोधात नाही. पण माझ्या मते, बेताच्या खिशाच्या माणसाने आधी चार भागीदार शोधावेत, विमान नंतर. हत्ती घेणे सोपे असते. खरा प्रश्न त्याच्या रोजच्या चाऱ्याचा असतो.