शाल नको, मानधन द्या

२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन आपल्याकडे यंदाही सत्कारावर आटोपला. डिमेन्शिया झालेल्या नवऱ्याला वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या बोईसरच्या एका बाईंना शाल-श्रीफळ मिळाले, निवेदकाने त्यांना आजच्या काळातली सावित्री म्हटले आणि बोलायला जेमतेम वेळ दिला. तेवढ्यात त्यांनी एकच मागणे मागितले. तुमच्या आळीत, इमारतीत असे कुणी असेल तर त्या घरच्या बाईला माझ्याकडे पाठवा, मला जे उशिरा कळले ते तिला आधी कळू दे. टाळ्या पडल्या. त्यांचा नंबर मात्र कुणीही लिहून घेतला नाही. तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला होता. या बायकांना आपला नवरा परत मिळणार नाही, हे फार लवकर कळते. ते कळूनही त्या त्याला न्हाऊ घालतात, भरवतात, रात्री जागतात. त्याला पत्नीधर्म म्हणून ओवाळले की आरोग्यखात्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे मोकळे होतात.

बाईंशी नंतर निवांत बोललो. यजमान तारापूर एमआयडीसीत पाळीने काम करायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी पहाटे उठून शर्ट चढवतात आणि पहिल्या पाळीला निघतात. आधी त्या वाद घालायच्या, ‘अहो, तुम्ही रिटायर झालात.’ प्रकरण हातघाईवर यायचे. आता म्हणतात, ‘आज कंपनीला सुट्टी आहे,’ आणि चहा पुढे करतात. ते बसतात. दाराची कडी वरच्या टोकाला बसवली आहे, गॅसचा रेग्युलेटर रात्री काढून कपाटात जातो, शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवलेला आहे. ‘तूच माझे पैसे चोरलेस’ हे ऐकून त्या कितीतरी महिने रडल्या. हे आजार बोलतो आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यातले काही नसते, आणि घरात आजार शिरल्यावर पहिली गरज याचीच असते.

जोडीदाराच्या आजारातून चळवळ उभी राहते, हे शिकागोच्या जेरोम स्टोन यांनी दाखवले. हे खोकी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख. पत्नी एव्हलिन यांच्या आजाराचे निदान १९७० मध्ये झाले तेव्हा विचारायला कुणी नव्हते. १९८० मध्ये त्यांनी इतर कुटुंबांना घेऊन जी संघटना काढली, तीच आजची अमेरिकेची अल्झायमर असोसिएशन. पण स्टोन यांच्याकडे पैसा होता, वजन होते. बोईसरच्या बाईंना तो रस्ता दाखवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी मला गोवा जवळचा वाटतो.

गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत डिमेन्शियाचा रुग्ण सांभाळणारी ८१ कुटुंबे निवडली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ४१ कुटुंबे वेगळी काढून त्यांच्या घरी सल्लागार पाठवले. हे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. स्थानिक, कोकणी बोलणारी, वृद्धांविषयी कळकळ असलेली, थोडके प्रशिक्षण दिलेली माणसे. पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. घरी जाऊन ती काय करत? आजार समजावून सांगत, चिडचिड आणि भटकणे कसे हाताळायचे ते दाखवत, गरज पडली तर तज्ज्ञांकडून औषध मिळवून देत.

सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रासही कमी झाला. कामाचा भार मात्र ठळकपणे हलका झाला नाही, आणि मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. अंघोळ तीच, चादरी त्याच, जागरण तेच. बदलली ती सांभाळणाऱ्या माणसाची अवस्था. आपल्या बाईंनी ठेचा खात जे शिकून घेतले, ते गोव्यात कुणीतरी उंबऱ्यावर येऊन शिकवले. आणखी एक आकडा मी विसरू शकत नाही. त्या ८१ घरांतल्या रुग्णांपैकी १८ जण अभ्यास चालू असतानाच गेले. या घरांकडे योजनेच्या मंजुरीची वाट पाहायला वेळ नसतो.

आता आपला पालघर जिल्हा घ्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख, आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. तरी जव्हार-मोखाड्यात ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपतो. नालासोपाऱ्याजवळ राजोडीला सिल्व्हर इनिंग्स या संस्थेने डिमेन्शियाच्या वृद्धांसाठी निवास उभा केला, त्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याला नवऱ्याला किंवा बायकोला घरीच ठेवायचे आहे, त्याच्यासाठी काय? तज्ज्ञाकडे जायचे तर अनेकदा मुंबई नाही तर वापी, आणि डहाणू लोकलच्या गर्दीत अनोळखी चेहऱ्यांना घाबरणारा माणूस हाताशी.

माझे एक जुने दुखणे आहे. २०१४ मध्ये जिल्हा झाला तेव्हापासून आपण इमारती मोजतो आहोत. मुख्यालय देखणे झाले. आता कुणी ‘स्मृती भवन’ सुचवेल आणि भूमिपूजनाचा नारळ फुटेल, ही मला धास्ती आहे. गोव्यातल्या त्या कामाला भवन लागले नव्हते.

पैशाचेही तसेच. सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी, आणि हा आजार घरात राहतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कित्येकांना ईपीएस-९५ या पेन्शन योजनेचे दरमहा किमान १००० रुपये मिळतात. त्यात मदतनीस बाईचा आठवडाही निघत नाही. पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्यावर मी पूर्वी लिहिले होते तेव्हा अनेक बायकांनी कळवले की खरी अडचण पुढे येते, नवऱ्याची सही बदलते आणि खाते अडकते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. मालमत्तेसाठी पालक म्हणून नेमणूक हवी तर पत्नीला उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागतो. बोईसरच्या दोन खोल्यांच्या मालकिणीने तो खर्च कुठून करायचा?

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठही तालुक्यांत अशा अनुभवी बायका आणि पुरुष शोधा. पत्नीला सांभाळणारे नवरेही आहेत, ते सत्काराच्या यादीत येत नाहीत इतकेच. त्यांना प्रशिक्षण द्या, मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी द्या, दरमहा मानधन आणि प्रवासखर्च द्या. आशाताईंच्या गळ्यात आणखी एक नोंदवही अडकवू नका. पैसा जिल्हा नियोजन समितीकडून यावा, नाही तर तारापूरच्या कंपन्यांकडून. कंपनी कायद्याच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत ज्येष्ठांसाठीच्या सुविधा स्पष्ट लिहिलेल्या आहेत, आणि हे रुग्ण त्याच कंपन्यांचे जुने कामगार आहेत. आणि बाई जेव्हा दुसऱ्याच्या घरी सल्ला द्यायला जातील, तेव्हा त्यांच्या यजमानांजवळ कुणीतरी बसायला हवे. त्या माणसाची मजुरी याच अंदाजपत्रकात धरा.