विश्लेषण : अग्निशमन केंद्रांचे फोटो काढण्याचा छंद, वेडेपणा की शहाणपण?

कुणाला गडकिल्ल्यांच्या फोटोंचा नाद असतो, कुणाला रेल्वे इंजिनांच्या. मला अग्निशमन केंद्रांचा लागलाय. सुटीच्या दिवशी प्रताप नगरहून गाडी काढायची, एखादं केंद्र गाठायचं, ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना विचारायचं आणि इमारत, बंब, शिड्या टिपायच्या. घरच्यांचा प्रश्न ठरलेला : तिथं बघण्यासारखं काय आहे?

सुरुवात कशी झाली?

एका लाजिरवाण्या प्रसंगातून. इंजिनिअरिंगला असताना रस्त्यालगतच्या एका दुकानाला आग लागली होती. मी गाडी तिथंच लावून व्हिडिओ काढत उभा राहिलो. मागे सायरन वाजत होता. बंब अडला होता तो माझ्यासारख्यांच्या गाड्यांमुळे. जवानानं ओरडून गाडी हटवायला लावली. व्हिडिओ मी त्याच रात्री डिलीट केला, पण ते ओरडणं अजून आठवतं.

हा छंद नवा आहे का?

अजिबात नाही. एखाद्याला आपण ‘फिल्म बफ’ म्हणतो, त्यातला ‘बफ’ हा शब्दच आगीच्या शौकिनांकडून आला. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचे स्वयंसेवक अग्निशामक बफ, म्हणजे फिकट पिवळसर रंगाचे कोट घालायचे. आग विझवताना बघायला धावणाऱ्यांनाही मग तेच नाव पडलं. अमेरिकेत आजही केंद्रांचे आणि बंबांचे फोटो जमवणारे लोक आहेत.

नागपूरचा संबंध काय?

देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथं घडतात, ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. १९५६ मध्ये ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपुरात आलं. किती नागपूरकरांना हे माहीत आहे?

१४ एप्रिलचंही तसंच. त्या दिवशी आपलं शहर बाबासाहेबांच्या जयंतीत न्हाऊन निघतं. हाच दिवस राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिनही असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. आग विझवताना स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

केंद्रात गेल्यावर काय कळतं?

पहिली गोष्ट म्हणजे बंब नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभा असतो. रिव्हर्स घेण्यात सेकंद जाऊ नयेत म्हणून. दुसरी, इथं येणारा प्रत्येक कॉल आगीचा नसतो. पडलेलं झाड, विहिरीतलं जनावर, संक्रांतीला मांजात अडकलेला पक्षी, सगळ्यांसाठी हेच जवान धावतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अरुंद गल्ली, वेडीवाकडी पार्किंग आणि कुलूप लावलेलं गेट यांच्यापुढे महागातला महाग बंबही हतबल असतो.

फोटो काढताना काय पाळायचं?

आधी विचारा, ‘नाही’ म्हटलं तर परत फिरा. बंबाच्या पुढे किंवा दारात उभे राहू नका. घंटा वाजली की मोबाइल खिशात आणि आपण भिंतीला. कंट्रोल रूम, नकाशे, नोंदवह्या टिपू नका. आणि प्रत्यक्ष आगीच्या ठिकाणी फोटो काढायला जायचंच नाही. जखमींचे तर कधीच नाहीत.

पण याचा उपयोग काय?

‘जवानांच्या कामात लुडबुड कशाला’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच माझं म्हणणं असं की महापालिकेनं प्रत्येक केंद्र महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी नागरिकांसाठी खुलं ठेवावं. जवान आधीच कमी पडत असतील, तर दोन महिन्यांतून एकदा ठेवा. पण ठेवा.

कारण आग लागेपर्यंत आपण या यंत्रणेकडे बघतच नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. काही दिवस सगळीकडे फायर ऑडिटची चर्चा होती. नंतर विषय मागे पडला.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकांनी किंवा वापरणाऱ्यांनी आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. मला हे कळलं ते केंद्रात चकरा मारायला लागल्यावर. त्यानंतर मी पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकांना विचारलं, आपल्याला हे लागू होतं का? आणि होत असेल, तर मागचा फॉर्म कुठाय? त्यांनी फाइल शोधायला घेतली.

तुम्हाला हा छंद लागो न लागो, तुमच्या घराजवळचं अग्निशमन केंद्र कुठं आहे, तेवढं आज मॅपवर बघून घ्या. आणि १०१ हा नंबर घरातल्या लहान मुलांकडून पाठ करून घ्या.